पुसण्याआधी पुसा

मी डस्टर बोलतोय. हो, फळा पुसायचा तोच! तळहातात मावेन एवढा, वर पिवळं प्लास्टिक, खाली करड्या नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची पट्टी आणि पोटात लोहचुंबक. ह्याला कसलं आलंय आयुष्य, असं मनात आलं असेल तर जरा थांबा. एका अख्ख्या लाँड्रीतल्या अकरा माणसांचे दिवस माझ्या पोटाखालून गेलेत. कुणाची सुट्टी, कुणाची दुपार, कुणाच्या लेकीला दिलेला शब्द. सगळं मी पुसलंय. आणि मग एक मंगळवार असा उगवला की मी हातात होतो, फळ्यापासून बोटभर अंतरावर होतो आणि तरी पुसलं नाही! तो मंगळवार आठवला की अजूनही माझा नमदा शहारतो. तोच सांगायचाय. पण सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर गंमत कळायची नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. वरून सुरी खाली आली, नमद्याची लांबलचक पट्टी कापली गेली आणि त्यातला एक तुकडा म्हणजे मी. आम्हा सहा भावंडांना एकाच पाकिटात घातलं. पाकिटावर शाळेच्या वर्गाचं चित्र होतं, त्यामुळे आपण शाळेतच जाणार याबद्दल आमच्यात दुमत नव्हतं. कुणी गणितं पुसणार होता, कुणी कविता. पण दुकानात पाकीट फाटलं, पाच जण एका शिक्षिकेच्या पिशवीत गेले आणि मी एकटा उरलो. दुसऱ्या दिवशी एक माणूस घाईघाईत आत आला.

"दोन काळे मार्कर, एक लाल आणि हा डस्टर द्या. लवकर, गाडी चालू ठेवलीय बाहेर."

गेलो मी त्याच्या खिशात.

खिशातून बाहेर आलो तो थेट वाफेत! काय ते दृश्य! खोलीएवढी धुलाईची मशीनं गरगर फिरतायत, ढकलगाड्यांतून ओल्या चादरींचे डोंगर येतायत, एका टोकाला लांबच लांब इस्त्रीचा रोलर फुसफुसतोय आणि त्याच्या दुसऱ्या बाजूनं कोऱ्या कागदासारख्या चादरी बाहेर पडतायत. शहरातल्या सात मोठ्या हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, सगळं इथे यायचं. मला विश्रांतीच्या खोलीत नेलं. तिथे एक बाकडं, चहाचा थर्मास, हजेरीचं मशीन आणि भिंतीवर पांढरा फळा. चट्! चुंबकासकट मी त्याला चिकटलो. शाळा हुकल्याचं दुःख त्या क्षणी संपलं. इथे तर धमाल होती!

मला आणणारा तो घाईतला माणूस म्हणजे इथला सुपरवायझर. दर रविवारी सकाळी तो पट्टी घेऊन फळ्यावर अकरा आडव्या ओळी आणि सात उभे रकाने आखायचा आणि प्रत्येकाची पाळी लिहायचा. सकाळ, दुपार, सुट्टी. अक्षर असं सुबक की बघत राहावं. मला वाटायचं, वा! काय व्यवस्थित माणूस आहे.

सोमवारी सकाळी दहाला फोन वाजला. "हो मॅडम. जमवतो मॅडम. आत्ता लगेच." फोन ठेवला आणि त्यानं मला उचललं. सर्र! दोन नावांपुढचे तीन रकाने साफ. मंगळवारी पुन्हा फोन, पुन्हा सर्र. शनिवारपर्यंत रविवारच्या त्या सुबक अक्षरातलं निम्मंसुद्धा शिल्लक नसायचं. वारा फिरेल तसं वेळापत्रक फिरायचं, म्हणून कामगारांनी पाठीमागे त्याचं नाव वारासाहेब ठेवलं होतं. मला काय, मी नवखा. फळ्यावर चुका होत असतील आणि मी त्या दुरुस्त करतोय, ह्याच तोऱ्यात मी पहिले तीन महिने काढले.

माझे डोळे उघडले ते ड्रायव्हरच्या बायकोनं. आता ती कधी लाँड्रीत आली नव्हती, पण तिचा आवाज रोज यायचा. ड्रायव्हर हॉटेलांतून कपडे आणायचा आणि पोचवायचा. सोन्यासारखा माणूस, फक्त विसरभोळा. त्यामुळे दर रविवारी तो फळ्याचा फोटो काढून घरी बायकोला पाठवायचा, म्हणजे तिला घरचे बेत ठरवता येतील. फळा बदलला की नवा फोटो पाठवायची तिची सक्त ताकीद होती. एका बुधवारी त्यानं असाच फोटो पाठवला आणि मिनिटभरात फोनमधून तिचा आवाज खोलीभर घुमला.

"अहो, हा ह्या आठवड्यातला चौथा फोटो! चौथा! शुक्रवारी सुट्टी म्हणून लेकीला पोहायला नेतो म्हणालात. पोरगी तीन दिवस झाले पोहायचा चष्मा लावून घरात फिरतेय. आता मी तिला काय सांगू? तुमच्या त्या फळ्याला ताप आलाय का?"

ड्रायव्हर खाली मान घालून बाकड्यावर बसून राहिला. आणि माझ्या लक्षात आलं, शुक्रवारच्या त्या रकान्यात 'सुट्टी' नव्हतं लिहिलेलं. तिथे एक पोहायचा चष्मा लावलेली पोरगी होती आणि मी तिला पुसलं होतं. त्या दिवसापासून हातात उचलला गेलो की कुणाचा दिवस आहे ते मी आधी वाचायचो.

आता हिची ओळख करून देतो, जिच्यासाठी मी हे सगळं सांगतोय. इस्त्रीच्या रोलरवर एक बाई होती. वय असेल पंचेचाळीसच्या आसपास, दंड मजबूत, बोलणं ठसक्यात. काम करताना ती शिट्टी वाजवायची. साधीसुधी नाही, तान घेतल्यासारखी! मशीनच्या गडगडाटातही ऐकू यायची. तिला सगळे शिट्टीताई म्हणायचे, वारासाहेबसुद्धा.

लाँड्रीचा जीव म्हणजे बॉयलर. तो मागच्या शेडमध्ये, आणि त्याचे मालक बॉयलरकाका. म्हणजे मालक नव्हेत, पण त्यांचा तोरा तसाच. बत्तीस वर्षं त्यांनी तो बॉयलर सांभाळला होता आणि आता निवृत्तीला आले होते. एकदा दुपारी चहाच्या वेळी शिट्टीताई धावत आली.

"काका, दाब उतरतोय. रोलरचा आवाज बसलाय."

काका हसले. "अगं, आत्ता मीटर बघून आलोय. ठीक आहे सगळं."

"मीटर नंतर सांगेल. तुम्ही चला तर!"

काका कुरकुरत गेले आणि पाच मिनिटांनी परत आले ते डोळे विस्फारून. एक झडप खरंच गळत होती. त्यांनी थर्मासमधला पहिला कप तिच्या हातात दिला. "बाई, तुला कान आहेत. परवाना काढ बॉयलरचा. माझ्यानंतर तूच बस तिथे."

"मी? ह्या वयात परीक्षा? काका, मला अजून स्वप्नात गणिताचा पेपर येतो."

"मग येऊ दे. ह्यावेळी सोडवून टाक."

आणि तिनं खरंच नाव घातलं! तंत्रशाळेत बारा बुधवारांचा वर्ग होता. दुपारी तीनला सुरू. तिची सकाळपाळी दोनला सुटायची, म्हणजे सगळं छान बसत होतं. नियम एकच, की तीनहून जास्त वर्ग बुडले तर परीक्षेला बसता येणार नाही. पहिल्या वर्गाहून ती आली ती अशी की जणू जत्रा बघून आलीय. वहीत बॉयलरचं चित्र काढलं होतं, बाण मारमारून. "इथून पाणी, इथून धूर, आणि ही बघा सेफ्टी झडप. दाब वाढला की ही आपणहून उघडते. कुणाला विचारत बसत नाही!" वर्गात वीस पुरुष आणि ही एकटी बाई. "पहिल्या दिवशी मला म्हणतात, चहा ठेवायला आलात का? मी म्हटलं, हो, दीड टन पाण्याचा!"

आम्ही सगळे खूश. मीसुद्धा. पण बुधवार जवळ आला की मी धसकायचो. आणि झालंच. तिसऱ्या आठवड्यात सर्र, सकाळची दुपार झाली. पाचव्या आठवड्यात सर्र. आठव्या आठवड्यात पुन्हा.

"साहेब, बुधवार सोडून कधीही बोलवा. मी पाया पडते, फक्त बुधवार नको."

"ताई, एका दिवसाचं तर आहे. हॉटेलात लग्नाची पार्टी आलीय, मी काय करू?" वारासाहेब म्हणाला. खोटं नव्हता बोलत. त्याच्याही कपाळावर घाम होता. पण पुसणारा हात त्याचा आणि पुसणारा डस्टर मी. तीन वर्ग बुडाले. आणखी एक बुडाला की संपलं. त्या दिवशी रोलरवर शिट्टी वाजली नाही. तो आवाज थांबल्यावर मला कळलं, मशीनं किती कर्कश वाजतात ते.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. ती मला आणि वारासाहेबाला सोडून खोलीत कुणालाच ठाऊक नव्हती. चार महिन्यांपूर्वी कुरिअरवाला एक गुंडाळी देऊन गेला होता. वारासाहेबानं ती उलगडली. मोठा पिवळा कागद, वर ठळक अक्षरांत लिहिलेलं: 'कामाच्या वेळा: कामगारांचे हक्क, मालकाची जबाबदारी'. त्यानं तो वाचला, पुन्हा वाचला आणि फोन लावला.

"मॅडम, शहरानं नवा नियम केलाय. वेळापत्रकाचा. कागद भिंतीवर लावायचा म्हणतात."

मालकीणबाईंचा आवाज मला फोनमधून स्पष्ट ऐकू आला. "लावा ना मग. कुठे लावायचा ते तुम्ही बघा."

त्यानं तो खोलीच्या दाराआड लावला. ते दार सकाळपासून रात्रीपर्यंत उघडं असायचं, खाली लाकडाची पाचर मारून, कारण ढकलगाड्या सारख्या आतबाहेर व्हायच्या. म्हणजे कागद लावला तर होता, पण दाराच्या पाठीला आणि भिंतीला सोडून तो कुणालाच दिसत नव्हता! मला बिजागरीच्या फटीतून त्याची एक उभी पट्टी तेवढी दिसायची. तीत चारच शब्द: 'चौदा', 'लेखी', 'नकार', 'अकरा'. चार महिने मी तेवढेच वाचत होतो आणि मला त्यांचा मेळ लागत नव्हता. ओरडून सांगावं म्हटलं तर तोंड कुठाय?

पण शिट्टी थांबली त्याच्या दुसऱ्याच दिवशी काय झालं! दुपारी पाळी बदलायची वेळ, खोलीत गर्दी, आणि ड्रायव्हरची भरलेली ढकलगाडी दाराशी पाचरीला अडकली. त्यानं जोर लावला. पाचर उडाली, बाकड्याखाली गेली, आणि दार आपल्या आपण मागे फिरलं. धाड्! बंद. आणि समोर भिंतीवर तो पिवळा कागद लख्ख!

मग शिट्टीताई पुढे झाली. हातात ओला टॉवेल तसाच. ती मोठ्यानं वाचायला लागली.

"वेळापत्रक किमान चौदा दिवस आधी लावलं पाहिजे. त्यानंतर बदल करायचा असेल तर कामगाराला विचारलं पाहिजे. कामगाराला नकार देता येईल." ती थांबली. "थांबा, थांबा, पुन्हा वाचते. कामगाराला नकार देता येईल! नकार दिला म्हणून त्याला कोणताही त्रास देता येणार नाही. होकार असल्यास तो लेखी घ्यावा आणि प्रत्येक बदलासाठी जादा मोबदला द्यावा. दोन पाळ्यांमध्ये अकरा तासांची विश्रांती. वेळापत्रकं तीन वर्षं जपून ठेवावीत."

चौदा, लेखी, नकार, अकरा! लागला मेळ! मला इतकं हसू फुटलं म्हणून सांगू, फळ्यावरून सुटून खाली पडायचाच बाकी होतो.

"खाली तारीख बघा," ड्रायव्हर म्हणाला. "चार महिन्यांपूर्वीची. आणि आपण काय, दाराला पाठ लावून चहा पितोय!"

इतक्यात दार ढकलून वारासाहेब आत आला. बंद दार, पिवळा कागद, अकरा चेहरे. त्याला काही सांगावं लागलं नाही.

"अहो, तो... मॅडमनी लावायला सांगितला होता. मी लावला."

"दाराला वाचायला लावलात होय?" बॉयलरकाका म्हणाले. सगळे हसले, पण शिट्टीताई हसली नाही. ती त्याच्याजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "साहेब, माझे तीन बुधवार गेले. तुम्हाला माहीत होतं."

वारासाहेब पाचर शोधायच्या निमित्तानं बाकड्याखाली वाकला.

पुढच्या सुट्टीला ती कामगार कार्यालयात जाऊन आली. काय झालं ते तिनं आल्या आल्या बाकड्यावर बसून सांगितलं. खिडकीपाशी तासभर रांग, मग आत एक अधिकारीबाई. बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, "मागची वेळापत्रकं कुठे आहेत?"

"मी म्हटलं, फळ्यावर असतात. त्या म्हणाल्या, मागच्या महिन्याचा फळा दाखवा. आता मागच्या महिन्याचा फळा कुठून आणू? पुसला ना तो!" तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यानं पुसला."

माझी मान खाली गेली. म्हणजे गेली असती.

सगळे आपापल्या कपात बघत बसले. आणि मग ड्रायव्हर एकदम ताडकन उठला, त्याचा चहा सांडला.

"अहो, फोटो! माझ्या बायकोकडे आहेत फोटो! रविवारचे आणि प्रत्येक बदलाचे. एकसुद्धा पुसलेला नाही तिनं."

"कशाला ठेवलेत?"

"भांडताना लागतात ना!"

काय हशा पिकला! काकांनी तर मांडीवर थाप मारून ठसका लागेपर्यंत हसून घेतलं.

अधिकारीबाई आल्या त्या एका सोमवारी सकाळी. ठेंगणी मूर्ती, खांद्याला पिशवी, आवाज मऊ. आधी कळवून आल्या होत्या म्हणून मालकीणबाईही जातीनं हजर होत्या. आणि ड्रायव्हरची बायको! जिचा आवाज मी वर्षभर ऐकत होतो ती प्रत्यक्ष समोर! मला वाटलं होतं, दारात मावणार नाही एवढी असेल. निघाली ड्रायव्हरच्या खांद्याला लागेल एवढी, चष्मेवाली, हातात फोन पदकासारखा धरलेला.

"वेळापत्रकांचं दप्तर बघू," अधिकारीबाई म्हणाल्या.

वारासाहेबानं फळ्याकडे हात केला.

"हे आजचं झालं. मागची?"

अधिकारीबाई फळ्याजवळ आल्या, त्यांनी मला उचललं, उलटं केलं आणि माझा काळाकुट्ट नमदा सगळ्यांना दाखवला. "म्हणजे तुमचं सगळं दप्तर ह्याच्यात आहे, असं समजायचं का?"

देवाशपथ सांगतो, एवढ्या लोकांनी एकदम माझ्याकडे बघण्याचा तो पहिलाच प्रसंग! लाज वाटली आणि अंगावर काटाही आला.

मग वहिनी पुढे सरसावल्या. "बाई, मी दाखवते. हे बघा, हा रविवारचा. हा सोमवारचा. हा मंगळवारचा, इथे माझा निरोपही आहे खाली, तो वाचू नका, मी चिडले होते. आणि ह्या तिच्या बुधवारच्या ओळी, तिन्ही वेळेला बदलल्यात, मी लाल गोल करून ठेवलेत." एकेक फोटो सरकत होता आणि माझं अख्खं आयुष्य त्या काचेवरून चाललं होतं. मी पुसलेलं एकूणएक!

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. त्या वारासाहेबाकडे वळल्या. "हे एवढे बदल? तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत!"

आता हा माणूस काय बोलतो इकडे माझा जीव टांगणीला लागला. त्यानं खिशातला रुमाल काढला, घाम पुसला आणि म्हणाला, "मॅडम, पुसलं मी. कागद दाराआड लावला तोही मीच. ती माझी चूक, मी नाकारत नाही. पण फोन आल्याशिवाय मी एकदासुद्धा डस्टर उचललेला नाही. तुम्हाला हॉटेलवाले फोन करतात, तुम्ही मला करता, आणि मी ह्यांना विचारत नाही, कारण विचारलं तर ते नाही म्हणतील ह्याची मला भीती वाटते."

तेव्हा बॉयलरकाका मागून म्हणाले, "साहेब, पुसण्याआधी पुसावं माणसाला. एवढंच लिहिलंय त्या कागदावर."

एकच शब्द आणि दोन अर्थ! खोडणं म्हणजेही पुसणं आणि विचारणं म्हणजेही पुसणं! इतके महिने मी अर्धाच शब्द जगत होतो की हो!

अधिकारीबाईंनी तिथेच बाकड्यावर बसून लेखी आदेश दिला. कागद दर्शनी भिंतीवर लावायचा, वेळापत्रक दोन आठवडे आधी छापून प्रत्येकाच्या हातात द्यायचं, मागच्या सगळ्या बदलांचा मोबदला महिन्याभरात चुकता करायचा. मालकीणबाईंनी सही केली. जाताना त्या शिट्टीताईजवळ थांबल्या, काही बोलतील असं वाटलं, पण नुसती मान हलवून गेल्या. मनात म्हटलं, बघू. सह्या काय, मीही बघितल्यात. खरी परीक्षा फोन वाजल्यावर.

आणि फोन वाजला! तोच तो मंगळवार. दुसऱ्या दिवशी बारावा बुधवार, म्हणजे शिट्टीताईची प्रात्यक्षिक परीक्षा. छापील वेळापत्रक भिंतीवर होतं, त्याखाली फळ्यावर तेच मोठ्या अक्षरात. दुपारी बाराला घंटी घणघणली.

"हो मॅडम. तीन हॉटेलं एकदम? हो. दुपारी रोलरवर एक माणूस कमी पडतोय, कळलं." त्यानं फोन ठेवला. सवयीनं हात माझ्याकडे आला. मी उचलला गेलो. शिट्टीताईची ओळ, बुधवारचा रकाना. मी फळ्यापासून बोटभर अंतरावर. जेवायला बसलेल्यांचे घास हातातच थांबले.

आणि तो हात थांबला. खाली आला. तो मागे वळला आणि घसा खाकरून म्हणाला, "ताई, उद्या दुपारपाळीला याल का? बदलाचा जादा मोबदला मिळेल. आणि... नाही म्हणालात तरी चालेल. नियम आहे."

शिट्टीताईनं डबा बाजूला ठेवला. उभी राहिली. मला वाटलं आता मोठं भाषण होणार.

"नाही," ती म्हणाली.

एवढंच! पण काय वजन होतं त्या शब्दाला! खोलीत कुणीतरी टाळी वाजवली, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. वारासाहेब आधी गोंधळला आणि मग तोही हसला. नाही ऐकूनसुद्धा छत कोसळलं नव्हतं, ह्याचं त्यालाच जास्त नवल वाटत असावं.

"पण रोलरचं काय?" तो म्हणाला. "कुणी येईल का? विचारतोय हं मी, विचारतोय!"

"मला विचारा की! रोलर मलाही येतो," ड्रायव्हर ओरडला. "उद्या माझी सुट्टीच आहे, अकरा तासांची विश्रांतीही मोडत नाही. पण थांबा, एक मिनिट, वरिष्ठांची परवानगी." त्यानं फोन लावला आणि आम्हा सगळ्यांना वहिनींचा आवाज ऐकू आला. "विचारलं का त्यांनी? आधी विचारलं? मग या करून. पण लिहून घ्या म्हणावं!"

ड्रायव्हरनं होकाराच्या कागदावर सही केली. वारासाहेबानं फक्त त्याचाच रकाना माझ्याकडून पुसून घेतला, आणि काय सांगू, पुसताना पहिल्यांदा माझ्या अंगात बळ आलं!

बुधवारी संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळी शिट्टीताई आली. गालाला काजळी, केस विस्कटलेले. बॉयलरकाका मुद्दाम थांबले होते.

"काय झालं?"

"परीक्षकांनी मला बंद बॉयलरसमोर उभं केलं. म्हणाले, पेटवा. मी पेटवला. पाण्याची काच बघितली, झडप तपासली, दाब चढायला लागला. आणि काका, मला आवाज वेगळा लागला. मी म्हटलं, थांबा, ह्याच्या पंपात हवा अडकलीय. परीक्षक म्हणाले, मीटर तर बरोबर दाखवतंय. मी म्हटलं, मीटर नंतर सांगेल."

"मग?"

"मग मीटरनं नंतर सांगितलं!"

काकांनी तिला जवळ घेतलं आणि म्हातारा ढसाढसा रडला. निकाल लागायला तीन आठवडे गेले, पण आमच्या खोलीत तो त्याच संध्याकाळी लागला होता. आता ती मागच्या शेडमध्ये बसते आणि तिच्या जागी रोलरवर दुसरी बाई आलीय. परवाना चौकटीत घालून तिथे लावलाय. काका कधीमधी येतात, दोष काढायचा प्रयत्न करतात आणि चहा पिऊन जातात. मालकीणबाईंनी हॉटेलांना पत्रं धाडली, की जादा काम असेल तर दोन आठवडे आधी कळवा, ऐनवेळी सांगाल तर आकार वेगळा. दोन हॉटेलं चिडली. पाच जणांनी आधी कळवायला सुरुवात केली. चिडलेल्यांपैकी एक महिन्याभरानं परत आलं.

सगळं गोडगोड झालं असं म्हणणार नाही मी. कधी गडबड होते, कधी विचारायचं राहतं, मग कुणीतरी नुसतं पिवळ्या कागदाकडे बघतं आणि वारासाहेब कान पकडतो. त्याला वारासाहेब म्हणणं मात्र अजून कुणी सोडलेलं नाही.

आता माझा नमदा झिजलाय. एक कोपरा सुटून वर वळलाय, चुंबकही सैल झालंय, अधूनमधून मी फळ्यावरून घसरतो. काम मात्र फार कमी आहे. दोन आठवड्यांतून एकदा जुना तक्ता पुसायचा, तोही फोटो काढून आणि छापील कागद दप्तरात लावून झाल्यावर. दिवसचे दिवस मी नुसता बसून माणसं बघतो. कुणी बेत करतंय, कुणी दोन आठवड्यांनंतरच्या दिवसावर बोट ठेवून घरी फोन करतंय. रिकामपण इतकं सुखाचं असतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

जिथे जिथे भिंतीवर असा फळा असेल आणि ज्याच्या ज्याच्या हातात माझा एखादा भाऊबंद असेल, त्याला माझं एकच सांगणं आहे. रकाना छोटा दिसतो म्हणून फसू नका. त्यात अख्खा माणूस बसलेला असतो. एक हाक मारून बघा. बऱ्याचदा तो हो म्हणेल.

काल वारासाहेबानं नवा तक्ता आखला. अकराऐवजी बारा ओळी. मी चक्रावलो, नवा माणूस कोण? बाराव्या ओळीत त्यानं स्वतःचं नाव लिहिलं. मग रकान्यांवर बराच वेळ मार्कर फिरवत उभा राहिला, आणि गुरुवारपुढे लाल शाईत लिहिलं: सुट्टी. मागे सरकून त्याकडे बघत राहिला, पोरानं पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहून बघावं तसा. मग खिशातून फोन काढला, फळ्याचा फोटो घेतला आणि घरी पाठवून दिला.